शेजारी कोण होतं

महादेवीच्या उजव्या हाताचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. बुधवार होता. मंगळवारची गर्दी ओसरून गेलेली, तरी पोस्टाच्या फरशीवर, खुर्च्यांच्या हातांवर, पेनाला बांधलेल्या दोऱ्यावरसुद्धा कुंकू राहिलं होतं, आणि महादेवीचं तर कुंकवा-बांगड्यांचं दुकानच देवळाच्या उतारावर. वैदेहीनं आधारच्या काउंटरवर नेहमी ठेवलेलं ओलं फडकं तिच्यापुढं सरकवलं. महादेवीनं बोट पुसलं, पुन्हा टेकवलं, आणि यंत्र विचार करतंय तोवर सहज बोलावं तसं बोलू लागली, की पोरगी नाही तर घर कसं सुनं सुनं लागतंय. "म्हेश्वरीला कांजिण्या निघाल्या न्हवं का. घरात धाकटं लेकरू हाय, म्हनून अक्कलकोटला माझ्या आईकडं धाडली तिला. आज चौदा दिस झाले बघा म्याडम." यंत्राचा दिवा हिरवा झाला. वैदेही सवयीनं म्हणाली, आता कॅमेऱ्याकडं बघा, हलू नका. पडद्यावर महादेवीचा चेहरा चौकटीत येऊन स्थिर झाला, आणि तेव्हा वैदेहीला जाणवलं, की हललोय ते आपण.

कारण काल संध्याकाळीच वैदेहीच्या लेकीनं, अर्पितानं, सांगितलं होतं, आज डबा खाताना वर्गातली महेश्वरी शेजारी बसली. परवाही बसली होती. गेले बारा दिवस रोज बसत होती. काल तर तिनं शेंगांची चटणी दिली होती आणि ती इतकी तिखट होती की अर्पिता दोनदा पाणी प्याली. ते दोनदा पाणी पिणं वैदेहीला आज सकाळी पोळ्या लाटतानाही आठवलं होतं आणि तिनं लाटणं थांबवून ते एकदा मनात घोळवलं होतं. आपल्या मुलीला कुणाच्या तरी डब्यातलं तिखट लागलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात ही काय मोठी गोष्ट. पण वैदेही नऊ वर्षं असल्याच गोष्टींची वाट बघत आली होती. आता महादेवी पावती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवत होती आणि वैदेहीच्या मनातली ती चटणीची चव हळूहळू कुठंतरी विरत चालली होती. अक्कलकोटला, चौदा दिवसांपलीकडं, कांजिण्यांनी भरलेल्या एका मुलीच्या अंथरुणापाशी.

महादेवी गेली. तिच्यामागं एक नवं लग्न झालेली मुलगी नाव बदलायला आलेली होती. वैदेही तिला जुनं नाव विचारत होती, नवं नाव विचारत होती, आणि उत्तरं तिला आडात वाकून ऐकल्यासारखी लांबून येत होती. अर्पिता खोटं बोलत नाही. त्यांच्या घरात हे एखाद्या जड कपाटासारखं होतं. सगळे त्याला वळसा घालून चालत. सोलापूरची मावससासू आली असताना अर्पितानं तिला सरळ सांगितलं होतं, की आई म्हणाली तुम्ही जेवून लवकर गेलात तर बरं. सासऱ्यांना, वसंतरावांना, सगळे अप्पा म्हणत. त्यांना साखरेचा आजार. एकदा ते शेजारच्यांकडून आले तेव्हा अर्पिता दारातूनच म्हणाली होती, "अप्पांनी दोन पेढे खाल्ले. तिसरा खिशात आहे." अप्पांनी तिसरा पेढा निमूटपणे काढून वैदेहीच्या हातावर ठेवला होता. तिला चहाडी करायची नसे. जे आहे ते आहे, एवढंच. पोटात कावळे ओरडतायत असं वैदेहीचा नवरा अनिरुद्ध एकदा म्हणाला, तर ती उठून त्याच्या पोटाला कान लावून बसली, बराच वेळ, आणि मग म्हणाली की कावळे नाहीत, पाणी आहे. ते सगळे हसले होते. तीही हसली होती, पण थोडं उशिरा, बाकीच्यांचं हसणं संपत आल्यावर.

अर्पिता पंधरा महिन्यांची असताना सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूची फिल्म उजेडावर धरून दाखवली होती. तोवर ती नीट बसतही नव्हती. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक जाड पट्टा असतो, डॉक्टर म्हणाले, तो हिच्यात तयारच झालेला नाही. पोटात असतानाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला, व्हायचा तो राहून गेला. फिल्मवर मध्यभागी बैलाच्या शिंगांसारखा एक काळा आकार होता. वैदेही त्या शिंगांकडं बघत राहिली आणि तिसऱ्या महिन्यात आपण काय करत होतो ते आठवू लागली. काहीच आठवेना. तेव्हा ती पोस्टाच्या रजिस्टर काउंटरवर होती, पावसाळा होता, तिला कैरी नको वाटायची आणि ओल्या पोत्यांचा वास आवडायचा. पुढं काय होईल, असं अनिरुद्धनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की कुणीच सांगू शकत नाही. काही मुलं फार मागं राहतात, काही जवळजवळ इतरांसारखी होतात, फक्त काही गोष्टी त्यांना वेगळ्या वाटेनं शिकाव्या लागतात. हिची वाट हीच दाखवील. त्या वाक्याचा त्या वेळी वैदेहीला राग आला होता.

मग ती वाट. अडीच वर्षांची झाल्यावर चालणं. दोन्ही हातांनी मिळून करायचं काही जमायचं नाही. एक हात बाटली धरायचा आणि दुसरा टोपण फिरवायचं विसरून हवेतच थांबायचा. फ्रॉकची बटणं. चेंडू झेलणं. शाळेत जाऊ लागल्यावर एकदा उकळत्या दुधाचं पातेलं मनगटाला लागलं तर रडणं नाही, ओरडणं नाही. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिनं नुसतं सांगितलं, माझा हात लाल झालाय, दुखत नाही. वैदेही तिला घेऊन दवाखान्याकडं पळत सुटली होती आणि खांद्यावरून अर्पिता वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. बोलणं चौथ्या वर्षी एकदम आलं, नळाला अचानक पाणी यावं तसं. पुष्कळ, स्वच्छ, मोठमोठ्या वाक्यांचं. पण ते कुणाशी तरी असायचं नाही. समोरचा उठून गेला तरी ते चालूच राहायचं. बाकीची मुलं आधी तिच्या बोलण्याला हसली, मग कंटाळली, मग तिच्या भोवतीची जागाच सोडून देऊ लागली.

सातव्या वर्षी पुण्याला एका बाईंना दाखवलं. मुलांच्या मनाच्या डॉक्टर. त्यांनी अर्पितापुढं बिस्किटांचा एक पुडा ठेवला आणि विचारलं, यात काय असेल? बिस्किटं. उघडून दाखवला तर आत पेन्सिली. पुडा पुन्हा बंद करून त्या म्हणाल्या, आता बाहेरून तुझे अप्पा आले, त्यांनी हा पुडा उघडलेला नाही, तर आत काय आहे असं त्यांना वाटेल? अर्पिता म्हणाली, पेन्सिली. चार वर्षांची मुलं बिस्किटं म्हणतात, हे त्या बाईंनी नंतर, अर्पिता बाहेर खेळत असताना, अगदी मऊ आवाजात सांगितलं. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे तिला अजून उमगत नाही. उमगेल, पण उशिरा. जाताना त्या हसून म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी ही ठरवून खोटं बोलेल ना, त्या दिवशी मला फोन करा. खोटं बोलायला फार अक्कल लागते." घरी आल्यावर वैदेहीनं मोहरीच्या डब्यात शेंगदाणे भरले. दर महिन्याला, संकष्टीच्या दिवशी, ती अर्पिताला डबा दाखवायची आणि विचारायची, बाबांना काय वाटेल? शेंगदाणे, अर्पिता म्हणायची. शेंगदाणे. शेंगदाणे. पुढं पुढं वैदेहीला भाजीला फोडणी देताना मोहरीच सापडेनाशी झाली, आणि एक दिवस तिनं तो डबा रिकामा करून घासून पालथा घातला.

"म्याडम, झालं का?" नवं नाव घेतलेली मुलगी विचारत होती. झालं होतं. वैदेहीनं पावती दिली. पर्समधून मोबाइल काढला. पुण्याच्या बाईंचा नंबर अजून होता. तिनं तो उघडला, त्यांच्या नावाकडं बघत राहिली आणि मोबाइल परत ठेवून दिला. काय सांगायचं? अहो, ती खोटं बोलली. बारा दिवस, रोज, चटणीसकट. छातीत आनंदासारखं काहीतरी फडफडत होतं, आणि त्याच्याच पंखाखाली भीती बसली होती. हे खोटं असेल तर आधीचं काय काय खोटं होतं? दुधानं भाजलं तेव्हा दुखलं नाही म्हणाली, ते? अंधाराची भीती वाटत नाही म्हणते, ते? आपण नऊ वर्षं जिच्या शब्दांवर पाय ठेवून निर्धास्त चाललो, ती जमीन आज किंचित सरकली होती. आणि दुसरंही एक होतं. शनिवार.

शनिवारपर्यंत पुण्याच्या त्या निवासी शाळेला कळवायचं होतं. अशा मुलांसाठीची शाळा. शिकवणारी माणसं त्यातली शिकलेली, वसतिगृह तिथंच. अनिरुद्धनं डिसेंबरातच फॉर्म आणून भरला होता. तो लोहाऱ्याला शिक्षक होता, रोज एसटीनं जाऊन येऊन करायचा, आणि त्याच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर अशी दोन-तीन मुलं वर्षानुवर्षं नुसती बसून मोठी होताना त्यानं पाहिली होती. पाचवीपासून इथं तिचं काय होणार, तो म्हणायचा. मास्तर बदलणार, विषय वाढणार, कुणी सांभाळून घेणार नाही. "एक तरी मैत्रीण असती तिला, तर मी म्हटलं असतं राहू दे." तेव्हा त्यांनी अर्पितालाही विचारलं होतं, पुण्याला राहायला जाशील का? ती म्हणाली होती, कुठल्या गाडीनं? म्हणून पुन्हा कुणी विचारलं नाही. वैदेही रोज संध्याकाळी विचारायची ते वेगळंच. गेली तीन वर्षं, दप्तर उतरवता उतरवता, ती एकच विचारायची: डबा खाताना शेजारी कोण होतं? कुणी नाही, अर्पिता म्हणायची. मग बारा दिवसांपूर्वी एका संध्याकाळी ती म्हणाली, महेश्वरी. वैदेहीनं त्या दिवशी शिरा केला. अनिरुद्धनं तो खाता खाता दोनदा विचारलं, खरंच म्हणाली? आणि ती म्हणालीय म्हणजे खरंच, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळं त्यानं फॉर्म उचलून कपाटाच्या वरच्या खणात टाकला. शनिवारी नाही म्हणून कळवतो, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून वैदेही डब्यात बेसनाचे दोन लाडू घालू लागली. एक तुला, एक महेश्वरीला. डबा रोज रिकामा येत होता.

एक वाजता तिनं पोस्टमास्तरांना सांगितलं की डोकं दुखतंय. त्यांनी जा म्हटलं. बाहेर माघातलं ऊन होतं, अजून न चावणारं. स्टँडच्या बाजूनं भक्तांचा एक जथा वर चढत होता, कपाळं भरलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. कोपऱ्यावर एक बाई हरभऱ्याचे डहाळे विकत होती आणि त्यांचा हिरवा आंबूस वास रस्ताभर पसरला होता. वैदेही त्या वासातून, त्या माणसांमधून चालत गेली, पण आपण चालतोय असं तिला वाटत नव्हतं. रस्ताच आपल्या पायांखालून शाळेकडं सरकतोय असं वाटत होतं. लहानपणी आजारातून उठल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलं की सगळं असंच दिसायचं, धुतलेलं आणि जरा लांब. ती शाळेच्या मागच्या फाटकानं आत गेली आणि पाण्याच्या सिमेंटच्या टाकीआड उभी राहिली. आपल्याच मुलीकडं चोरून बघायला आलोय, ही लाजही तिला अर्धवटच वाटली.

दीडची घंटा झाली. मुलींचा लोंढा बाहेर आला आणि झाडांखाली, व्हरांड्यात, कट्ट्यावर तुकड्या तुकड्यांनी सांडला. अर्पिता सगळ्यांत शेवटी आली. नेमकी जागा ठरलेली असावी तशी सरळ चालत जाऊन व्हरांड्याच्या टोकाच्या पायरीवर बसली. डबा मांडीवर. झाकण काढायला तिला वेळ लागला. डावा हात डबा घट्ट धरतोय आणि उजवा दोनदा घसरतोय, हे वैदेहीला इतक्या लांबूनही दिसलं, आणि तिची स्वतःची बोटं टाकीच्या भिंतीवर वळली. झाकण निघालं. अर्पितानं पोळी-भाजी खाल्ली, घाई न करता, मैदानाच्या एका टोकाकडं बघत. तिथं काहीच नव्हतं. वाऱ्यानं एक कागद उडत होता, खाली बसत होता. तिचा चेहरा उदास नव्हता. वैदेही तो चेहरा शोधत राहिली ज्याची ती तीन वर्षं कल्पना करत आली होती: एकटा पडलेला, बाकीच्या मुलींकडं आशेनं बघणारा. तो तिथं नव्हता. होता तो देवदर्शन करून पारावर टेकलेल्या माणसासारखा, शांत, कुणाची वाट न बघणारा.

मग तिनं पहिला लाडू खाल्ला. दुसरा हातात घेतला, आणि किंचित बाजूला सरकली. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली. लाडू डब्याच्या झाकणात घालून तिनं त्या जागेवर ठेवला. तिचे ओठ हलू लागले. एकदा हलले, थांबले, मग पुन्हा तसेच हलले, पाढे म्हणताना हलतात तसे. वैदेहीला ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते हळूहळू कळलं आणि ती भिंतीला टेकली. अर्पिता आज संध्याकाळचं उत्तर पाठ करत होती. घंटा झाल्यावर तिनं झाकणातला लाडू उचलला, दोन घासांत संपवला, बोटं फ्रॉकला पुसली आणि आत गेली.

वैदेही तिच्या आधी घरी पोचली. अप्पा ओट्यावर सकाळचाच पेपर दुसऱ्यांदा वाचत होते. त्यांनी लवकर कशी म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं. पाच वाजता अर्पिता आली. वैदेहीनं तिचं दप्तर उतरवलं, पाणी दिलं, डबा घासायला टाकला, वाळलेले कपडे आत आणून घड्या घालू लागली. विचारलं नाही. अर्पिता तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात आली, खोलीत आली, पुन्हा स्वयंपाकघरात आली.

"आई, आज तू विचारलं नाहीस."

"काय गं?"

"शेजारी कोण होतं."

वैदेहीनं हातातली घडी खाली ठेवली आणि विचारलं.

"महेश्वरी," अर्पिता म्हणाली. सुरात म्हणाली, न अडखळता. "तिला लाडू आवडला. ती म्हणाली, तुझी आई छान करते."

वैदेहीच्या डोळ्यांपुढं ती पायरी आली, ते झाकण, ते हलणारे ओठ. आपण हे असंच राहू दिलं तर? हो का, असं म्हणून हसलो तर? शनिवारी अनिरुद्ध नाही म्हणून कळवील, मुलगी इथं राहील, आणि पायरीवर रोज एक जागा रिकामी होत राहील. इतकं सोपं होतं ते. तिनं अर्पिताला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मी आज शाळेत आले होते. दीड वाजता. टाकीपाशी उभी होते मी."

बाकीच्या मुलांनी मान खाली घातली असती. अर्पिता आईकडं बघत राहिली, फळ्याकडं बघावं तशी, एकेक अक्षर लावत. "मग तुला दिसलं असेल," ती म्हणाली.

"दिसलं. रोज तिचं नाव का सांगत होतीस?"

"कुणी नाही म्हटलं की तुझं तोंड पडतं." ती थांबली. "महेश्वरी म्हटलं की पडत नाही. मी बाकीची नावं पण सांगून बघणार होते. पण याच नावानं झालं."

तोंड पडतं. ही मुलगी, जिनं कावळ्यांसाठी पोटाला कान लावला होता. तिला हे कुणी शिकवलं? कधी तिनं आपल्या तोंडाकडं बघायला सुरुवात केली, दप्तर उतरवण्याच्या त्या एवढ्याशा वेळात, तीन वर्षं? आपण तिला मोहरीच्या डब्यात काय आहे ते विचारत होतो आणि ती आपल्याकडं बघत होती. आतून एक हुंदका वर येत होता, पण आता हा चेहरा वाचला जातोय हे ठाऊक झाल्यामुळं वैदेहीनं तो गिळला, आणि गिळताना तिला कळलं की यापुढं आपल्याला असे पुष्कळ गिळावे लागतील.

"पण ते खोटं होतं ना?"

"हो. म्हणून तर पाठ करावं लागतं."

"तुला एकटीनं खाताना वाईट वाटतं का गं?"

अर्पितानं विचार केला. "नाही. तेव्हा कुणी बोलत नाही. वर्गात सगळे खूप बोलतात." मग तिनं आईच्या पदराचं टोक धरलं आणि विचारलं, "तुला वाटतं?"

साडेसहाच्या एसटीनं अनिरुद्ध आला. वैदेहीनं त्याला चहा दिला आणि माजघरात, हळू आवाजात, सगळं सांगितलं: महादेवी, कांजिण्या, पायरी, झाकण, पाठांतर. तो कप हातात धरून ऐकत राहिला. साय धरली तरी प्यायला नाही. मग म्हणाला, म्हणजे मैत्रीण नाहीच. नाही, वैदेही म्हणाली, पण ती खोटं बोलली. तिनं हे ज्या आवाजात सांगितलं त्यामुळं अनिरुद्धनं मान वर केली. पुण्याच्या बाईंचं बोलणं त्यालाही आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग कोसळल्यासारखा झाला. पण लगेच तो उठला, कपाटाच्या वरच्या खणातून त्यानं फॉर्म काढला आणि पलंगावर सपाट करून ठेवला. मी तिला घालवत नाही गं, तो म्हणाला. मैत्रीण आहे म्हणून थांबलो होतो, ती नाहीच, तर आता कशाच्या जिवावर थांबायचं? वैदेही म्हणाली, ती इथंच शिकली हे, आपल्या तोंडांकडं बघून. तिथं कुणाच्या तोंडाकडं बघेल? तो म्हणाला, आणि आपली तोंडं सांभाळत किती वर्षं खोटं बोलेल ती? दोघंही खरं बोलत होते.

अप्पा कधी आत येऊन आरामखुर्चीत बसले होते ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "तिला विचारा की," ते म्हणाले.

विचारलं होतं ना, अनिरुद्ध म्हणाला, तेव्हा गाडी कुठली म्हणाली. तेव्हा ती वेगळी होती, अप्पा म्हणाले. अनिरुद्धनं तिला हाक मारली. अर्पिता आली, दारात उभी राहिली. बाहेर दिवेलागण झाली होती आणि तिच्या मागं ओट्यावर उजेड आणि अंधार सारखाच होता. अनिरुद्धनं तिला नीट, सावकाश सांगितलं: पुण्याला एक शाळा आहे. तिथं राहायचं, तिथंच शिकायचं. सुट्टीत घरी यायचं. तिथले सर आणि बाई तुझ्यासारख्या मुलांना शिकवतात. नाहीतर इथंच, आहे त्या शाळेत पाचवीला जायचं. दोन्ही चालेल. तुला काय हवं?

पूर्वी तिनं चटकन उत्तर दिलं असतं. आज दिलं नाही. तिनं आधी वैदेहीकडं बघितलं. नीट, वेळ घेऊन. मग अनिरुद्धकडं. मग अप्पांकडं, आणि पुन्हा वैदेहीकडं. कुणाचं तोंड कुठल्या उत्तरानं पडेल ते ती शोधत होती. वैदेहीच्या ध्यानात आलं: आता ही जे म्हणेल ते हिचं असेल की आमच्या चेहऱ्यांवरून उचललेलं, हे आम्हाला कळणार नाही. आजही नाही आणि कदाचित पुढंही कधी नाही. नऊ वर्षं मागितलं ते हेच होतं.

वैदेही उठली आणि पाठ फिरवून फडताळाकडं तोंड करून उभी राहिली. समोर पितळेचे डबे होते, ओळीनं, आणि त्यांच्यात वाकडा-तिकडा कुणाचा तरी चेहरा दिसत होता, म्हणून तिनं डोळे मिटले. मागं पलंग करकरला. अनिरुद्ध उठून खिडकीशी गेला असावा, गज धरल्याचा आवाज आला. मग पेपर उलगडल्याची सळसळ, आणि ती थांबली ती अप्पांच्या तोंडासमोरच थांबली असणार. खालच्या रस्त्यावरून सोलापूरकडं निघालेली यात्रेकरूंची एक बस उतारानं गेली, तिच्यातला जयजयकार भिंतीला घासून लांब गेला, आणि मग इतकी शांतता झाली की अर्पिताचा श्वास ऐकू येऊ लागला. तो ऐकत वैदेही उभी होती.

"मला इथं राहायचंय," मागून आवाज आला. थोडा थांबला. सुरात नव्हता, पाठ केलेला नव्हता, एका ठिकाणी अडखळलासुद्धा. "पण डबा मी एकटीच खाणार."

कुणीच लगेच वळलं नाही. आपलं तोंड आत्ता कसं झालंय हे वैदेहीला स्वतःलाही कळत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत ती तशीच पाठमोरी उभी राहिली.